मुकुंदराव आणि पन्नासाची रेघ

माणूस दारात आला की आपण आधी पाणी विचारतो. मुकुंदराव क्लास विचारायचे.

"डिग्री झाली म्हणते तुही? क्लास कोणता?"

पोट्टा उभाच. उत्तर आल्याशिवाय बसायला सांगत नसत. फर्स्ट म्हटले की खुर्ची. सेकंड म्हटले की बाजेची कड. आणि पास क्लास म्हटले की मुकुंदराव स्वतः उठायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि कानाशी जाऊन सांगायचे, "माझाबी तोच." पोट्ट्याला वाटायचे आता धीर देतील. पण त्या हाताचा थरकाप खांद्याला लागायचा, आणि येताना जेवढा घाबरलेला नव्हता तेवढा घाबरून तो घरी जायचा.

तेलंगणात, जैनथवरून पैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव. मुकुंदराव आदिलाबादच्या एका खासगी डिग्री कॉलेजात परीक्षेच्या कामाला कारकून होते, शेवटी शेवटी सुपरिंटेंडंट झाले. रिटायर झाल्यावर गावी आले आणि माझ्या घरासमोर दोन खोल्या बांधून राहिले. बायको आधीच वारली होती, पोरगा निजामाबादला. मागल्या साली त्या पोराकडेच ते गेले. गावाला त्यांची आठवण निकाल लागले की येते. मला रोज येते, कारण त्यांच्या दाराचे कुलूप माझ्या ओसरीतून दिसते.

पहिल्या दिवशी मी वांगी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. शेजारधर्म. त्यांनी वांगी घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "शिक्षण?"

"चौथी."

"पुढं काऊन नाई?"

"मास्तर बदलून गेला, दुसरा आलाच नाई. शाळा बंद, मीबी बंद."

"सुखी हात तुमी," ते म्हणाले. "तुमाले कोणी काई विचारू शकत नाई."

मला राग आला. चौथी शिकल्याची मला लाज नव्हती, आजही नाही. मी म्हटले, "माझ्या शेताले विचारा माझा क्लास."

हसतील असे वाटले होते. ते हसले नाहीत. फार गंभीर होऊन म्हणाले, "शेताले मेमो नसते, किसनभाऊ."

आमच्याकडे मार्कांच्या कागदाला मेमो म्हणतात. कोणी मेमो आणला की मुकुंदराव आधी हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे, मग कागद दोन्ही कडांनी धरायचे. आणि पुढची बाजू पाहायचीच नाही. आधी पालथा करायचा. तिथे बारीक अक्षरात कायदे छापलेले असतात. "पुढं मार्क असतात, मांगं कायदे," ते म्हणायचे. "माणूस मांगच्या बाजूनं मरते." हे सगळे कुजबुजत. युनिव्हर्सिटी हा शब्द तर ते भर दुपारी, मोकळ्या वावरातसुद्धा आवाज खाली करून बोलायचे. जशी आमची आजी अंधार पडल्यावर सापाला लांबडे म्हणायची तसे.

मी एकदा चिडून विचारले, "हे क्लास क्लास काय हाय ते मले एकदा सांगा. मी काई बैल नाई."

त्यांनी कोळशाने ओसरीवर रेघा ओढल्या. सर्वात वर सत्तर, तिथे डिस्टिंक्शन. खाली साठ, फर्स्ट. त्याखाली पन्नास, सेकंड. सर्वात खाली चाळीस. चाळीसच्या वर पास, खाली काही नाही. "आता पाहा," ते म्हणाले. "कंपनीवाले म्हणतात दहावी, इंटर, डिग्री, सगळीकडं साठ पाह्यजे. मास्तर व्हाचं तर बी.एड., बी.एड.ले डिग्रीत पन्नास. कॉलेजात शिकवाचं तर एम.ए.त पंचावन्न. डिग्री सगळ्यायची एकच, किसनभाऊ. कागद एकच, सही एकच. पण या रेघेच्या खाली राह्यला तो राह्यला."

मला कळले. मी आयुष्यभर आदिलाबादच्या बाजारात कापूस नेला. तिथेही माणूस येतो, ढिगात हात घालतो, ओलाव्याचे मशीन खुपसतो. काटा पुढे गेला की तोच कापूस, त्याच वावरातला, त्याच बायकांनी वेचलेला, हलका ठरतो. मी म्हटले, "पण तिथं मी भांडतो. मशीन दुसरं आण म्हणतो."

"युनिव्हर्सिटीशी?" ते म्हणाले आणि पायाने रेघा पुसून टाकल्या, कोणी पाहील म्हणून.

त्यांच्यामुळे गावातले फ्लेक्स कमी झाले हे मात्र खरे. आमच्याकडे पोरगा डिग्री झाला की बस थांबते तिथे फ्लेक्स लागतो. पोट्टा गॉगल लावून उभा, वर दोन पुढारी, खाली मित्रांची तोंडे. मुकुंदराव सकाळी फिरायला निघाले की फ्लेक्सखाली थांबायचे, खालपासून वरपर्यंत वाचायचे आणि जो भेटेल त्याला विचारायचे, "क्लास नाई लिवला?" मग पोट्टे फ्लेक्सवर 'प्रथम श्रेणी' छापू लागले. ज्यांना ते छापता येईना त्यांनी फ्लेक्सच लावला नाही. लोक चिडायचे. "म्हाताऱ्याले दुसऱ्याचा आनंद पाहावत नाई," असे म्हणायचे. मीही म्हणायचो. तरी मुलगा पाहायला जायचे असले की हेच लोक मुकुंदरावांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायचे. पोराची जमीन बाकीचे पाहायचे, डिग्री मुकुंदराव पाहायचे.

गावातल्या शंकरच्या पोरीसाठी, रेखासाठी, आम्ही पैनगंगेपलीकडे गेलो होतो ते आठवते. मुलगा बी.कॉम. असे कळले होते. घर चांगले, माणसे मोकळी. मुकुंदरावांनी हात धुवायला पाणी मागितले. त्या बाईंना वाटले भूक लागली असेल, त्यांनी घाईने पोह्यांची बशी पुढे केली.

"पोहे मंग," मुकुंदराव म्हणाले. "आधी मार्कांचे कागद."

मुलाचा बाप अभिमानाने म्हणाला, "आण रे बाबू, दाखव. आपल्याले काय भेव?" मुलगा आत गेला तो लवकर बाहेर येईना. आला तेव्हा फाइल छातीशी धरलेली. मुकुंदरावांनी एकेक कागद पालथा केला, सुलटा केला आणि बापाच्या कानाशी वाकून म्हणाले, "एक विषय बाकी हाय."

"असं कसं? कॉलेज तर संपलं!"

"कॉलेज संपलं. डिग्री नाई संपली."

त्या घरात हे कोणाला माहीतच नव्हते. बाप खोटे बोलत नव्हता. पोराचे कॉलेजात जाणे बंद झाले म्हणजे पोरगा पदवीधर, एवढेच त्याला ठाऊक. पोराने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. शंकर उठायला लागला. मुकुंदरावांनी त्याला डोळ्यानेच बसवले आणि पोराला गोठ्यामागे घेऊन गेले. पोरगा आता मरतो की काय म्हणून मी मागे गेलो.

"कोणता विषय?"

"कॉस्टिंग."

"पुन्हा किती खेपा बसला?"

"बसलोच नाई. भेव वाटते."

"कायचं?"

"आताबी गेला तर? मंग सगळ्यायले कळंन."

मुकुंदरावांनी पोराचा हात दोन्ही हातांत धरला. "मलेबी वाटते," ते म्हणाले. "पण तू बस." फॉर्म कधी निघतो, कुठे भरायचा, सगळे त्यांनी त्याला घोटून सांगितले. पोरगा बसला, विषय सुटला, आणि पुढच्या उन्हाळ्यात रेखाचे लग्न त्याच्याशीच झाले. मांडवात अक्षता टाकताना मुकुंदरावांनी नवरदेवाला विचारलेच, "क्लास?"

"पास क्लास, काका."

"वाचला," ते म्हणाले आणि डोळे पुसले. फोटोवाला खोळंबून उभा होता.

इथपर्यंत मुकुंदराव माझ्यासाठी समोरच्या घरातली गंमत होती. ती भीती रस्ता ओलांडून माझ्या घरात आली ती माझ्या नातीमुळे.

विद्या माझ्या लेकाची पोरगी. आदिलाबादला बी.एस्सी. केली, बसने जाऊन येऊन. तिला मास्तरीण व्हायचे होते. दुसरे काही नाही. लहानपणी कोंबड्यांना ओळीत बसवून शिकवायची. सवलतीचा दाखला आमच्याकडे नाही, म्हणून तिला बी.एड.साठी पुरे पन्नास हवे होते. शेवटच्या वर्षी तिला टायफॉइड झाला, दोन पेपर पडत-झडत गेले. निकालाच्या दिवशी लेक आणि सून वावरात होती. घरी मी, ती आणि मुकुंदराव. तिने फोन पाहिला आणि म्हणाली, "पाच पॉइंट दोन."

मला वाटले शंभरातले पाच. ती म्हणाली, "दहापैकी, आबा. आता असंच देतात." मला थोडे बरे वाटले. मग मुकुंदरावांकडे पाहिले आणि ते बरे वाटणे गेले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"हे टक्क्यात न्यावं लागते," ते कुजबुजले. "साडेनऊनं गुणाचं." कोळशाने नाही, बोटाने हवेतच त्यांनी हिशेब केला. "एकोणपन्नास पॉइंट चार."

"दहानं नाई का गुणत, काका?" विद्या म्हणाली. "मग बावन्न होतात."

"कुठं दहानं, कुठं साडेनऊनं. जिथं आपलं नुकसान असंन तेच ते धरतात. मी पाह्यलं हाय." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मी पाहिला. एवढ्या पोरांच्या खांद्यावर तो पडताना पाहिला होता. माझ्या पोरीच्या खांद्यावर पडेल असे कधी मनात आले नव्हते.

विद्या आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. जेवायला आली नाही. मी दाराशी दोनदा जाऊन आलो, आवाज नाही. आमच्या घरात कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचा डबा असतो. शेतकऱ्याच्या घरात तो असतोच, पाण्याच्या माठासारखा. मी आजवर त्याच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. त्या दुपारी दुसरे काही दिसेना. मी डबा उचलला, गोणपाटात गुंडाळला आणि भर उन्हात वावरात नेऊन कडेच्या धुऱ्यावरच्या पळसाखाली पुरला. परत आलो तर पोरगी ओसरीत बसलेली.

"डबा काऊन नेला, आबा?"

मी म्हटले, "फवारणी हाय."

"आज? एवढ्या उन्हात?" ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिचे डोळे भरले, पण आवाज कडक. "मी मरून नाई राह्यले, आबा. मी विचार करून राह्यले. झोपूबी देत नाई तुमी माणसाले."

हट्ट आमच्या घराण्यात आहे. तिने मुकुंदरावांना न विचारता फोनवर बी.एड.चा फॉर्म भरला. कळल्यावर मुकुंदराव चप्पल न घालता धावत आले. "नको पोरी! एकदा नाकारलं की नोंद राह्यते. जिथं जाशीन तिथं दिसंन."

"काका, समजा नाकारलंच," विद्या म्हणाली, "तर मी बँकेची परीक्षा देईन. सरकारी नोकरीच्या ग्रुप परीक्षा देईन. तिथं नुसती डिग्री पाह्यजे, क्लास कोणी विचारत नाई. मी वाचलं हाय."

मुकुंदराव "असंन, असंन," म्हणाले आणि पावसाचे काही बोलू लागले. मला त्या दिवशी समजले की या माणसाने आम्हाला बंद दारे सगळी सांगितली, उघडी एकही नाही. मुद्दाम नाही. त्यांना ती दिसतच नसत.

आणि मग फोनवर निरोप आला: मूळ कागद घेऊन आदिलाबादला तपासणीला या. मुकुंदरावांनी तो वाचला आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे काही घरात कोणी गेले आहे. "शंका आली त्यायले," ते म्हणाले. विद्या म्हणाली, "तुमी या संग, काका. तुमाले तेलुगू दफ्तरातलं येते." नाही म्हणतील असे वाटले. ते आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन. बसमध्ये त्यांनी पुढच्या सीटचा दांडा आदिलाबाद येईपर्यंत सोडला नाही.

एका कॉलेजात तपासणी होती. लांब व्हरांडा, खिडक्या, पोरापोरींची रांग, तेलुगू, उर्दू, मराठी सगळे एकात एक. आमचा नंबर आला. खिडकीत एक तरुण मॅडम. तिने मेमो घेतला, एकदा पाहिला, कॉम्प्युटरात पाहिले आणि खूण करायला पेन उचलला.

तेवढ्यात मुकुंदराव पुढे वाकले. हात जोडले आणि तेलुगूत बोलले. बाजाराने शिकवलेले तेवढे मला कळते. ते म्हणाले, "अम्मा, थोडं कमी आहे. एकोणपन्नास पॉइंट चार. पण पोरगी चांगली आहे हो."

पेन थांबला.

"एवरु चेप्पारु?" मॅडमने विचारले. कोणी सांगितले? तिने मेमो पुन्हा पाहिला, कपाळाला आठी घातली, कागद उचलला आणि आतल्या खोलीत गेली. आम्हाला बाजूला उभे केले. मागचे पोर पुढे सरकले.

विद्याने मुकुंदरावांकडे पाहिले. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. "काऊन बोलले तुमी? कोणी विचारलं होतं?"

"लपवलं अन् मंग सापडलं तर..."

"लपवाले तिनं काय चोरी केली का?"

लोक पाहू लागले तसे मी सोडले. आतून विद्याला एकटीला बोलावले. दार बंद झाले. मुकुंदरावांचे ओठ हलत होते. मला वाटले देवाचे नाव घेतात. जवळ जाऊन ऐकले तर पाच पॉइंट दोनला साडेनऊने गुणत होते. पुन्हा पुन्हा, उत्तर बदलेल म्हणून.

दार उघडले. विद्या बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"दहानं," ती म्हणाली.

"काय दहानं?"

"दहानं गुणाचं, आबा. आमच्या युनिव्हर्सिटीचं दहाच हाय. बावन्न. सेकंड क्लास. झालं." मग तिला हसू आले आणि त्याबरोबर रडूही. "आतले साहेब विचारत होते, हे साडेनऊ कुठून आणलं?"

"शाळेच्या ग्रेडले होतं एका काळी," मुकुंदराव म्हणाले. "मले वाटलं, सगळीकडं..." आणि ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. बसले म्हणजे पडलेच.

विद्या पाणी आणायला गेली. माझा राग अजून होता, पण त्यांच्याकडे पाहून तो बाहेर निघेना. मी शेजारी बसलो. म्हटले, "मुकुंदराव, एक सांगा. तुमाले त्या काळी कोणत्या खिडकीतून हाकललं होतं?"

"हाकललं नाई."

"मंग?"

"मलेबी मास्तरच व्हाचं होतं. कॉलेजातला एक जुना माणूस म्हणे, पास क्लासवाल्याचा बी.एड.चा अर्ज घेतच नाईत. मी दरखास्त लिवून नेली होती. दफ्तराच्या फाटकापाशी गेलो. रांग पाह्यली. परत आलो."

"विचारलंच नाई?"

"भेव वाटलं, किसनभाऊ. खिडकीतला नाई म्हणाला असता तर?"

मघाशी धरलेली त्यांच्या शर्टाची बाही चुरगळली होती, ती मी हाताने सरळ केली.

विद्या पाणी घेऊन आली. ते प्याले. रस्त्यापलीकडे वडे तळत होते, पोरगी म्हणाली, आज मी खाऊ घालते, चला. मुकुंदराव म्हणाले, "तुमी व्हा पुढं, मी आलो." आम्ही फाटकापर्यंत गेलो. ते येईनात म्हणून मी मागे वळून पाहिले.

मुकुंदराव रांगेत उभे होते. पुढे मागे सगळी विशीतली पोरे, प्रत्येकाच्या हातात फाइल. यांच्या हातात काही नाही. रांग सरकली की तेही सरकायचे. एका पोराने त्यांना काही विचारले, बहुतेक बाजूला बसा म्हणून. त्यांनी मान हलवली. त्यांची पाळी आली. मॅडमने वर पाहिले. त्यांनी खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली, वाकले आणि काहीतरी विचारले. काय ते मला ऐकू आले नाही आणि पुढे मी कधी विचारलेही नाही. मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिली, मग काही बोलू लागली, बराच वेळ. मागचा पोट्टा फाइल पुढे ढकलत होता. मुकुंदराव कड सोडत नव्हते.